पेढ्यांच्या बॉक्सनंतरचं वर्ष

निकालाच्या दुसऱ्या दिवशी आमच्या घरी पेढ्यांचे बॉक्स येतात. उर्दू शाळेत शिकवून वीसेक वर्षं होत आली, त्यामुळे हे आता दरवर्षीचंच झालंय. दोन वर्षांपूर्वी असाच एक बॉक्स घेऊन एक आई आली होती. मुलगा बारावी कॉमर्सला सत्तर टक्क्यांच्या वर होता. वडील रिक्षा चालवतात, घरातला पहिलाच मुलगा पदवीला जाणार. जिल्ह्याच्या ठिकाणी बी.कॉम.ला प्रवेश मिळाला. मोहल्ल्यातल्या गुणगौरव समारंभात त्याला ट्रॉफी मिळाली, फोटो निघाले.

पुढच्या जानेवारीत तीच आई पुन्हा आली. या वेळी हातात काही नव्हतं. बसता बसता विचारलं, "आपा, ये एटीकेटी क्या होती?"

मुलगा तीन विषयांत राहिला होता. घरी त्याने सांगितलं होतं की कॉलेजात असं होतंच. ते खोटं नव्हतं, पण पूर्ण खरंही नव्हतं. मी त्याला बोलावून घेतलं. तो हुशार होता, आळशी अजिबात नव्हता. सकाळी कॉलेज, दुपारनंतर मामूंच्या मोबाइलच्या दुकानात. दुकानात गर्दी असली की सकाळचं पहिलं लेक्चर बुडायचं, कारण रात्री झोपायला एक वाजायचा. पंचाहत्तर टक्के हजेरीचा नियम त्याला नोव्हेंबरात कळला. अंतर्गत परीक्षेचे गुण वेगळे असतात आणि ते गेले की परत मिळवणं अवघड असतं, हे त्याला निकाल लागल्यावर कळलं.

मला त्याचा राग आला नाही, स्वतःचा आला. बारा वर्षं आपण त्याला उत्तरं पाठ करायला शिकवलं. कॉलेज नावाची जागा कशी चालते, हे एकदाही सांगितलं नाही. मी स्वतः एफ.वाय.ला अर्थशास्त्रात नापास झाले होते. उर्दूतून 'मआशियात' शिकून आलेली मी, मराठीतलं 'सीमांत उपयोगिता' ऐकून गप्प बसून राहायचे. विचारलं तर हसतील, ही भीती. पूर्ण वर्ष त्या भीतीत गेलं. हे मी माझ्या विद्यार्थ्यांना कधी सांगितलं नव्हतं. शिक्षकाने आपलं अपयश लपवायचं असतं, असं वाटायचं.

आपल्याकडे प्रवेशाचं नियोजन होतं, शिक्षणाचं होत नाही. फी कुठून आणायची, कोणतं कॉलेज, मुलगी असेल तर बस कुठून कुठे जाते, यावर महिनाभर घर जागतं. प्रवेश झाला की सगळे सुटल्यासारखे होतात. सच्चर समितीचा अहवाल २००६ मध्ये आला. शिक्षणाच्या वरच्या पायऱ्यांवर आपण कमी होत जातो, हे त्यात आकड्यांनिशी होतं. तेव्हापासून आपण त्यावर भाषणं ऐकतोय. व्यवस्थेचा दोष आहेच, तो मी नाकारत नाही. पण जो मुलगा कॉलेजच्या दारातून आत गेला आहे, तो पहिल्याच वर्षी बाहेर पडू नये, एवढं तरी आपल्या हातात आहे की नाही?

नियोजन म्हटलं की मुलं रंगीत वेळापत्रक करतात आणि आठवड्यात फाडतात. मी सांगते, आधी चार गोष्टी माहीत करून घ्या.

पहिली, हिशेब. नव्या धोरणानुसार एका सत्रात साधारण २२ क्रेडिट असतात आणि लेखी विषयाचं एक क्रेडिट म्हणजे वर्गातले १५ तास. म्हणजे सहा महिन्यांत तीनशेहून जास्त तास वर्गात बसायचं आहे. हे तास कुठून येणार, ते दुकानाच्या मालकाशी आधी बोलायचं. मालक मामू असले तरी. परीक्षेच्या तोंडावर सुट्टी मागण्यापेक्षा ऑगस्टमध्येच सांगितलेलं बरं.

दुसरी, भाषा. 'ज़ियाई तालीफ़' म्हणजेच प्रकाशसंश्लेषण आणि तेच फोटोसिंथेसिस, हे माहीत असलेला मुलगा वर्गात घाबरत नाही. विषय त्याला येत असतो, फक्त नाव बदललेलं असतं. एक वही घ्या, तीन रकाने करा: उर्दू, मराठी, इंग्रजी. रोज दहा शब्द. महिन्यात तीनशे होतात.

तिसरी, कागदपत्रं. हा आपला सर्वांत दुखरा भाग. बागवान, तांबोळी, अत्तार, पिंजारी अशा कितीतरी जमाती ओबीसीत आहेत, पण दाखल्यावर जातीच्या रकान्यात नुसतं 'मुस्लिम' लिहिलेलं असतं. मग १९६७ पूर्वीचा पुरावा शोधायला आजोबांच्या शाळेत जावं लागतं. हे काम प्रवेशाच्या आठवड्यात होत नाही, त्याला महिने लागतात. अकरावीतच सुरू करा. जात पडताळणी, नॉन क्रीमीलेअर, खुल्या गटात असाल तर ईडब्ल्यूएसचा दाखला. २०२४ पासून राज्यात ईडब्ल्यूएस आणि ओबीसी मुलींना, घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर, व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. एका कागदासाठी ही संधी गेलेल्या मुली मी पाहिल्या आहेत. त्यातल्या एकीचं त्याच वर्षी लग्न लावून दिलं.

चौथी, रमजान. दरवर्षी कुणीतरी म्हणतंच, "टीचर, रमजानमध्ये अभ्यास झाला नाही." अरे, रमजान अचानक येत नाही. चांद्र वर्ष साधारण अकरा दिवसांनी लहान असतं, म्हणजे पुढच्या तीन वर्षांचे रमजान आजच कॅलेंडरवर खूण करता येतात. २०३० मध्ये तर एकाच वर्षात तो दोनदा सुरू होणार आहे, जानेवारीत आणि पुन्हा डिसेंबरच्या अखेरीस. सहरीनंतरचे दोन तास अभ्यासाला सोन्यासारखे असतात, पण तरावीहनंतर मोबाइल घेऊन बाजारात बसलं तर ते मिळत नाहीत. आणि मुलींच्या बाबतीत हे घराने ठरवायचं असतं. इफ्तारीची भजी मुलगा तळत नाही, मुलगीच तळते. परीक्षेच्या महिन्यात ती तळणार नाही, हे अम्मीने म्हटल्याशिवाय तिचं कुठलंही वेळापत्रक टिकणार नाही.

म्हणून मला वाटतं, नियोजन हा एकट्या विद्यार्थ्याचा विषय नाही. ज्या घरात पूर्वी कुणी कॉलेजला गेलेलं नाही, तिथे मुलाला विचारायला माणूसच नसतो. तो माणूस मोहल्ल्याने द्यायचा असतो. गुणगौरव समारंभ जरूर करा. पण ऑगस्टमध्ये आणखी एक बैठक घ्या, ट्रॉफीशिवाय. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाची मुलं-मुली बोलवा. हजेरी, अंतर्गत गुण, शिष्यवृत्तीचा अर्ज, सगळं त्यांच्या तोंडून नव्यांना कळू द्या. नापास होऊन पुन्हा उभा राहिलेला एखादा तरी त्यात बोलला पाहिजे. एखादा हॉल रात्री दहापर्यंत अभ्यासासाठी उघडा ठेवा. दिवा आणि पंख्याचं बिल ट्रॉफ्यांच्या खर्चापेक्षा जास्त येणार नाही.

तो मुलगा आता तिसऱ्या वर्षाला आहे. दुकानात तो फक्त शनिवार-रविवार जातो, मामू आधी रागावले, मग समजले. दोन विषय पुढच्या परीक्षेत सुटले, तिसऱ्याला आणखी एक सत्र लागलं. गेल्या ऑगस्टमध्ये आमच्या शाळेच्या एका वर्गात आम्ही वीस-बावीस जण बसलो होतो. त्याला बोलायला सांगितलं तर तो लाजला. मग म्हणाला, "मी एटीकेटीपासून सुरू करू का?"

मी म्हटलं, तिथूनच कर. आणि तुझ्यानंतर मी माझं अर्थशास्त्र सांगते.