बालबुद्धीची पारख

१९०५ साली पॅरिसमध्ये बिने व सिमाँ यांनी सिद्ध केलेल्या बुद्धिमापनाचे व्ही. व्ही. कामत यांनी मराठी व कन्नड मुलांसाठी जे रूपांतर केले, व ज्याचा वृत्तांत १९४० साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला, त्यात केवळ भाषांतर पुरेसे नव्हते. कोणता प्रश्न कोणत्या वयास सुटतो, हे इथल्याच मुलांवर पारखावे लागले. तमिळनाडूतील कुंभकोणमच्या ज्या घरांत तंजावरच्या व्यंकोजीराजांच्या अमदानीपासूनची मराठी नांदते आणि मुले शाळेत तमिळ शिकतात, तेथील बालकाची चाचणी पुणेरी मराठीत घेतल्यास त्याचे अडखळणे मतिमंदत्वाच्या सदरी जमा होईल, हे भय आम्हांस अस्वस्थ करते. म्हणूनच या अंकात द्विभाषिक बालकांचा प्रश्न अग्रभागी घेतला आहे. पालकांनी व शिक्षकांनी आपले अनुभव अवश्य कळवावेत.