हात दुसऱ्याचे, दिवस आपला

सकाळी किती वाजता उठावे, आधी स्नान करावे की चहा घ्यावा, रात्री दिवा केव्हा मालवावा, हे निर्णय धडधाकट माणूस इतक्या सहजतेने घेतो की आपण काही ठरवले याची त्याला जाणीवही नसते. ज्याला कूस बदलण्यासाठीही दुसऱ्याचा हात लागतो, त्याचा दिवस मात्र त्या हाताच्या सवडीने उगवतो आणि मावळतो. हात कितीही प्रेमळ असला तरी सवड त्याचीच असते.

इंग्लंडमधील हॅम्पशायर परगण्यात ‘ल कोर्ट’ नावाचे एक निवासगृह होते. दुसऱ्या महायुद्धातील वैमानिक लिओनार्ड चेशायर यांनी १९४८ मध्ये तेथे एका मरणोन्मुख रुग्णाला आश्रय दिला आणि त्यातून अपंगांसाठीच्या चेशायर गृहांची परंपरा सुरू झाली. १९५० च्या दशकात तिची एक शाखा मुंबईतही आली. संस्थापकाच्या करुणेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. तरीही १९७९ मध्ये याच गृहातील काही रहिवासी एकत्र आले आणि आपल्याला येथून बाहेर पडून स्वतःच्या घरात राहायचे आहे, असे त्यांनी ठरवले. १९८१ हे आंतरराष्ट्रीय अपंग वर्ष होते; त्यावरून त्यांनी आपल्या गटाला ‘प्रोजेक्ट ८१’ हे नाव दिले.

त्यांची मागणी दयेची नव्हती, हिशेबाची होती. आमच्या निवासासाठी स्थानिक प्रशासन संस्थेला दरमहा पैसे मोजतेच आहे. तेच पैसे आमच्यासाठी द्यावेत, आम्ही घर घेऊ आणि मदतनीस नेमू, असे त्यांचे म्हणणे होते. पण नेमकी मदत किती लागेल? या प्रश्नासाठी त्यांनी वैद्यकीय प्रमाणपत्रांवर विसंबून न राहता आपल्याला कोणत्या कामासाठी, केव्हा आणि किती वेळ दुसऱ्याचा हात लागतो, हे स्वतःच मांडले. स्वतःच्या परावलंबनाची अशी मोजदाद करणे मनाला सोपे गेले नसणार. तरीही अधिकाऱ्यांपुढे ठेवण्यासारखे त्याहून भक्कम काही नव्हते.

आणखी एक अडचण होती. १९४८ च्या कायद्यानुसार प्रशासनाला अपंग व्यक्तीच्या हाती थेट रोख रक्कम देता येत नसे. तेव्हा वाट अशी निघाली की, पैसे पूर्वीप्रमाणे निवासगृहाकडे जावेत आणि गृहाने ते त्या व्यक्तीला द्यावेत. मानेखालचे शरीर लुळे पडलेले जॉन इव्हान्स १९८३ मध्ये अशा रीतीने स्वतःच्या घरी राहायला गेले. मदतनीस कोण असावा, त्याने किती वाजता यावे, त्याला काय शिकवावे, हे आता इव्हान्स ठरवणार होते. शरीराला मदत पूर्वीइतकीच लागत होती. बदलला होता तो मालक.

पुढे १९८८ मध्ये ब्रिटन सरकारने स्वतंत्र जीवनासाठी एक निधी उभारला. १९९६ मध्ये थेट रक्कम देण्याला कायद्याने मान्यता मिळाली आणि पुढच्या वर्षीपासून ती अमलात आली. मात्र हा निधी बंद करण्याचा निर्णय सरकारने घेतला, तेव्हा लाभार्थी न्यायालयात गेले. २०१३ मध्ये अपील न्यायालयाने तो निर्णय रद्दही ठरवला; तरी सरकारने पुन्हा निर्णय घेऊन ३० जून २०१५ रोजी निधी बंद केला आणि जबाबदारी स्थानिक प्रशासनांकडे सोपवली.

आपल्याकडे कृत्रिम पाय, तीनचाकी सायकली, श्रवणयंत्रे यांची शिबिरे दानशूरांच्या बळावर गावोगाव होतात, आणि ते काम मोठेच आहे. पण सायकलीवर बसवून देणारा हात रोज लागतो, आणि रोजच्या हाताला देणगीदार मिळत नाही. तो हात बहुधा आईचा असतो. चाळिशीच्या मुलाला उचलणारी आई सत्तरीला टेकलेली असते. ‘आमच्या पश्चात याचे काय?’ हा प्रश्न तिच्या ओठांवर असतो. ‘आज मला काय हवे?’ हा मुलाचा प्रश्न बहुधा विचारलाही जात नाही.

कायद्याने मात्र तो विचारला आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ५ नुसार दिव्यांग व्यक्तीला समाजात राहण्याचा हक्क आहे. तिला विशिष्ट ठिकाणीच राहण्याची सक्ती करता येत नाही आणि वैयक्तिक साहाय्यासह आधारसेवा तिला उपलब्ध व्हाव्यात, असे तेथे म्हटले आहे. कलम २४ मध्ये, जास्त आधाराची गरज असलेल्यांसाठी मदतनीस भत्त्याचा उल्लेख आहे. त्याच कलमात ‘आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत’ असे शब्दही आहेत, आणि सारी गोम तेथेच आहे.

महाराष्ट्रात संजय गांधी निराधार अनुदान योजनेची मासिक रक्कम २०२३ मध्ये १,००० वरून १,५०० रुपये झाली. तेवढ्यात पूर्णवेळ मदतनीस मिळत नव्हता, हे सांगायला नको. शिवाय कुटुंबाच्या उत्पन्नाची अट असल्यामुळे मध्यमवर्गीय घरातील प्रौढ दिव्यांग मुलगा, स्वतःची एक पैचीही कमाई नसताना, वडिलांच्या पगारामुळे अपात्र ठरतो. ज्या अवलंबित्वातून सुटायचे, त्याचाच आधार घेऊन त्याला नाकारले जाते.

तरीही कलम ३८ चा मार्ग वापरून पाहण्याजोगा आहे. चाळीस टक्के वा अधिक दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र असलेली आणि आपल्याला जास्त आधाराची गरज आहे असे वाटणारी व्यक्ती स्वतः अर्ज करू शकते. तिच्या वतीने दुसऱ्या कोणाला किंवा संस्थेलाही तो करता येतो. शासनाने नेमलेल्या प्राधिकरणाकडे अर्ज गेल्यावर मूल्यमापन मंडळ गरज तपासते. अर्ज कोठे द्यायचा, याची चौकशी दिव्यांग कल्याण विभागाच्या जिल्हा कार्यालयात लेखी करावी आणि पोच घ्यावी. दाद मिळाली नाही, तर राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करता येते.

अर्जासोबत ‘प्रोजेक्ट ८१’ वाल्यांप्रमाणे आठ दिवसांची नोंदवही जोडावी. ती शक्यतो ज्याची गरज आहे त्याने स्वतः सांगावी आणि घरच्यांनी केवळ लिहून घ्यावी. पहाटे कूस बदलणे, दहा मिनिटे. शौच व स्नान, सव्वा तास. कपडे, वीस मिनिटे. दुपारी ग्रंथालयात जाणे, दोन तास. ही शेवटची ओळ ‘चैन’ म्हणून कोणी खोडू लागेल. ती खोडू देऊ नये.