बोटीला बोट धडकली तर भरपाई कोणाची? सहलीआधी विचारायचा प्रश्न



सहलींचा हंगाम आला की ठाणे, कल्याण, डोंबिवलीतल्या शाळांच्या यादीत घारापुरी असतेच. लेणीही बघायची आणि बोटीतही बसायचं, मुलं खूश. पण परवानगीपत्र घेण्याआधी दोन तारखा आठवा.

18 जानेवारी 2024. वडोदऱ्याच्या हरणी तलावात शाळेच्या सहलीची बोट उलटली. 12 विद्यार्थी आणि 2 शिक्षिका गेल्या. त्याच वर्षी 18 डिसेंबरला गेटवेहून घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीला इंजिनाची चाचणी घेणारी नौदलाची स्पीडबोट धडकली. 15 जीव गेले.

दुसऱ्या अपघातात चूक कोणाची? स्पीडबोटीच्या चालकावर कुलाबा पोलिसांत गुन्हा नोंदला गेला. पण नीलकमलला 84 प्रवाशांची परवानगी होती आणि बोटीत शंभराहून जास्त माणसं होती, हेही समोर आलं. म्हणजे धडक एकाने दिली, तरी प्रश्न दोघांनाही विचारावे लागतात.

कायदाही असाच विचार करतो. 1958 च्या व्यापारी नौवहन कायद्यात तत्त्व असं होतं की दोन जहाजांची टक्कर झाली तर मालमत्तेचं नुकसान ज्याच्या त्याच्या चुकीच्या प्रमाणात वाटायचं. प्रमाण ठरवता आलं नाही तर निम्मं निम्मं. शेकडेवारी शिकवताना हेच उदाहरण घ्या. समजा, ‘अ’ बोटीचं नुकसान 6 लाख, चूक 25 टक्के. ‘ब’चं नुकसान 2 लाख, चूक 75 टक्के. ‘ब’ने ‘अ’ला साडेचार लाख द्यायचे, ‘अ’ने ‘ब’ला 50 हजार. वजाबाकी केली की ‘अ’ला 4 लाख मिळतात. मुलांना गणित कळतं आणि न्यायही.

माणसाच्या जिवाला मात्र ही वाटणी लावलेली नाही. मृत्यू किंवा दुखापत झाली तर दोन्ही मालक मिळून आणि वेगवेगळेही जबाबदार. पीडित कुटुंबाने कोणा एकाकडून पूर्ण भरपाई मागावी, मग त्या दोघांनी आपापसात हिशेब करावा. मला हे तत्त्व फार मोलाचं वाटतं. ‘चूक त्याची’ असं म्हणून कोणी आईबापांना दारोदार फिरवू नये.

आता एक गैरसमज. नीलकमलच्या मृतांच्या वारसांना मुख्यमंत्री सहायता निधीतून 5 लाख आणि पंतप्रधान निधीतून 2 लाख जाहीर झाले. ही मदत आहे, भरपाई नव्हे. मदत सरकार आपल्या मर्जीने देतं, भरपाई हा हक्क असतो आणि तो चूक सिद्ध करून मिळवावा लागतो. आपल्याला माहीत असलेली विद्यार्थी अपघात योजनाही नावाप्रमाणे ‘सानुग्रह अनुदान’च आहे.

आणि आपलं संमतीपत्र? ‘अपघात झाल्यास शाळा जबाबदार नाही’ या एका ओळीवर आपण निर्धास्त होतो. खरं सांगते, निष्काळजीपणामुळे जीव गेला तर ती ओळ गुन्ह्यापासून वाचवत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम 106 मध्ये त्यासाठी 5 वर्षांपर्यंत कैद आहे.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे की संमतीपत्रासोबत शाळेने पालकांना चार गोष्टी लेखी द्याव्यात. बोटीचा परवाना आहे का? किती प्रवाशांचा आहे? प्रत्येक मुलाला मापाचं लाइफ जॅकेट मिळणार का? प्रवाशांचा विमा आहे का? एकाचंही उत्तर ‘बघू’ असेल तर बोट रद्द करा. मुलं थोडा वेळ रुसतील, रुसू द्या.

कल्याण-ठाणे-मुंबई हा जलमार्ग राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक 53 मध्ये येतो. उद्या आपली मुलं खाडीतून बोटीने ये-जा करतील. चढण्याआधी माणसं मोजायची आणि जॅकेट मागायचं, ही सवय त्यांना आजच लावूया. भरपाईचा हिशेब कितीही चोख झाला तरी वर्गातला रिकामा बाक त्याने भरत नाही.