आवाजासाठी कर्नल मागे नेऊ नका

नंदुरबार जिल्ह्यातल्या शाळांत, वाचनालयांत, आयटीआयच्या वर्कशॉपमध्ये रास्पबेरी पायसारख्या छोट्या संगणकावर आवाजाचं काम करू पाहणाऱ्या शिक्षकांना आणि तरुणांना एक कळकळीची विनंती आहे. साउंड बोर्ड चालत नाही म्हणून चांगला चालू असलेला कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, काढून त्या जागी जुना टाकू नका. तशी गरज फार क्वचित पडते. बहुतेक वेळा दोष कर्नलमध्ये नसतोच.

या जिल्ह्यात आवाजाला वेगळं महत्त्व आहे. धडगाव, अक्कलकुवा, तळोद्याकडची मुलं घरी पावरी किंवा भिली बोलतात, नवापूरकडे मावची, शहादा-नंदुरबारच्या सपाटीवर अहिराणी आणि गुजरी. या भाषांचं बरंच धन गाण्यांत, कथांत, म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी आहे. काठीच्या राजवाडी होळीचे ढोल कागदावर उतरत नाहीत, ते ध्वनिमुद्रितच करावे लागतात. कमी विजेवर चालणारा, मुलांच्या हाती देता येणारा छोटा संगणक या कामाला उत्तम. पण पाय झीरोला आणि २०२३ साली आलेल्या पाय ५ ला हेडफोनचं भोकच नाही, आणि माइकची सोय तर कुठल्याच पायवर नाही. म्हणून वर बसवायचा साउंड बोर्ड घ्यावा लागतो, आणि अडचण तिथून सुरू होते.

बोर्डाबरोबर आलेली किंवा कुणी पाठवलेली स्क्रिप्ट चालवली की पडद्यावर लाल अक्षरांत मॉड्यूल (बोर्ड चालवणारा, कर्नलला जोडायचा ड्रायव्हर) बनलं नसल्याचं येतं. मग सल्ला मिळतो: जुना कर्नल टाक, लगेच चालेल. त्या दिवशी ते चालतंही, म्हणूनच हा सल्ला टिकून आहे. पण पुढे काय होतं ते पाहा. कर्नल जुना आणि त्याची मॉड्यूल्स नव्याची, असा घोळ झाला की वायफाय बंद पडतं. मोलगीसारख्या ठिकाणी मोबाइलचा हॉटस्पॉट हाच इंटरनेटचा एकमेव रस्ता असेल, तर दुरुस्तीचा रस्ताही त्याच क्षणी बंद. हा घोळ टळला तरी कर्नल अडवून ठेवल्यामुळे सुरक्षेच्या दुरुस्त्या येत नाहीत. आणि सहा महिन्यांनी दुसऱ्या शिक्षकाने सरळ मनाने अपडेट केलं, की आवाज पुन्हा गेला. पाय ५ वर तर हा उपाय लागूच नाही, कारण पाचने सुरू होणाऱ्या आवृत्त्यांतला जुना कर्नल त्यावर सुरूच होत नाही.

असं का होतं हे समजलं की भीती जाते. लिनक्समध्ये आपण वापरतो ते प्रोग्रॅम आणि कर्नल यांच्यातला करार फार जपला जातो, पण कर्नलच्या आतली रचना मुद्दाम मोकळी ठेवली आहे. ती प्रत्येक आवृत्तीत बदलू शकते. जो ड्रायव्हर कर्नलच्या मूळ कोडमध्ये आहे, त्याला बदल करणारेच बरोबर दुरुस्त करतात. जो बाहेर आहे, तो त्याच्या मालकाने सांभाळला नाही तर मागे पडतो. म्हणून पहिला प्रश्न हा विचारा: माझ्या बोर्डावरची चिप कोणती, आणि तिचा ड्रायव्हर कर्नलमध्ये आधीच आहे का?

भिंग घ्या आणि चिपवरची अक्षरं वाचा. दोन माइकच्या पुष्कळ बोर्डांवर डब्ल्यूएम ८९६० ही चिप असते. तिचा ड्रायव्हर कर्नलमध्ये कितीतरी वर्षांपासून आहे. टीएलव्ही ३२० एआयसी ३१०४ चाही आहे. पीसीएम ५१०२ किंवा मॅक्स ९८३५७ एवढीच चिप असेल तर काम आणखी सोपं. अशा वेळी स्क्रिप्ट नको, कंपायलर नको. कर्नलला फक्त सांगायचं असतं की अमुक चिप तमुक पिनांवर जोडली आहे. ते सांगणाऱ्या छोट्या फाइलला ओव्हरले म्हणतात. रास्पबेरी पाय ओएसबरोबर असे पुष्कळ ओव्हरले येतात, त्यात डब्ल्यूएम ८९६० साउंडकार्ड नावाचाही आहे. कॉन्फिग फाइलमध्ये डीटीओव्हरले, मग बरोबरचं चिन्ह, मग ओव्हरलेचं नाव, अशी एक ओळ घालायची (अर्थात रोमन लिपीत, सगळी लहान अक्षरं) आणि मशीन पुन्हा सुरू करायचं. मात्र ती फाइल ओएसच्या बुकवर्म आवृत्तीपासून बूटच्या आत फर्मवेअर नावाच्या फोल्डरमध्ये गेली आहे. जुन्या सूचना वाचून जुन्या जागी ओळ लिहिली तर काहीच होत नाही, आणि दोष विनाकारण ड्रायव्हरला जातो.

दुसऱ्या यंत्रावर केलेलं ध्वनिमुद्रण या बोर्डावर वाजवल्यावर आवाज नेहमीपेक्षा चढा किंवा रेंगाळता आला, तर बोर्डावरच्या क्रिस्टलची गती आणि ओव्हरलेमध्ये लिहिलेली गती जुळत नाही असं समजा. तेव्हा त्याच बोर्डासाठी उत्पादकाने दिलेला ओव्हरले मिळवा. ओव्हरले बनवायला कर्नल लागत नाही, एक छोटं साधन पुरतं.

आता सगळ्यात जास्त वेळ जिथे वाया जातो तिथे येऊ. आधी आयटूसी डिटेक्ट चालवा, आयटूसीच्या तारांवर कोणत्या पत्त्याला चिप आहे ते त्यात दिसतं. डब्ल्यूएम ८९६० चा पत्ता १ए. त्या जागी १ए दिसलं तर चिप जागी आहे पण ड्रायव्हरने तिला घेतलेलं नाही. यूयू दिसलं तर ड्रायव्हरने तिचा ताबा घेतला आहे. ती जागा रिकामी असेल तर बोर्ड नीट बसलेला नाही, दाबून बसवा. तक्त्याऐवजी चूक दाखवली तर आयटूसी सुरूच केलेलं नाही, सेटिंग पाहा. नंतर ए-रेकॉर्डला हायफन एल देऊन यादी पाहा. कार्डाचं नाव यादीत आलं, की कर्नलचं काम संपलं. पुढे शांतता असेल तर ती मिक्सरची आहे.

डब्ल्यूएम ८९६० च्या बाबतीत हे हमखास होतं. अल्सामिक्सर उघडा, एफ ६ ने आपलं कार्ड निवडा. लेफ्ट आउटपुट मिक्सर पीसीएम आणि राइट आउटपुट मिक्सर पीसीएम या दोन खिडक्या शोधा. त्या मुळातच बंद असतात, खाली एमएम लिहिलेलं दिसतं. एम दाबून दोन्ही उघडा. माइकसाठी एफ ५ ने सगळ्या खिडक्या पाहा. तिथे इनपुट मिक्सर आणि बूस्ट मिक्सर बंद असतील तर माइकसमोर कितीही मोठ्याने बोला, फाइल कोरीच राहते. सगळं जुळलं की अल्साक्टल स्टोअर करून ठेवा, नाहीतर वीज गेल्यावर पुन्हा पहिल्यापासून. चालू असलेल्या कर्नलला केवळ या दोन बंद खिडक्यांपायी हाकललं जातं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

चिपचा ड्रायव्हर खरोखरच कर्नलमध्ये नसेल, तर बाहेरचा कोड घ्यावा लागेल. तेव्हा यूनेमला हायफन आर देऊन चालू आवृत्ती पाहा आणि कोडची त्याच आवृत्तीची शाखा निवडा. पूर्ण अपडेट केल्यावर मशीन आधी रीस्टार्ट करा, मगच हेडर्स (त्या कर्नलसाठी मॉड्यूल बनवायला लागणाऱ्या फाइली) घालून मॉड्यूल बनवा. रीस्टार्ट राहिलं की हेडर्स नव्या कर्नलचे आणि चालू कर्नल जुना, हा घोटाळा ठरलेला. मॉड्यूल डीकेएमएसमधून बसवा, म्हणजे पुढच्या अपडेटला ते आपोआप पुन्हा बनवलं जाईल. पाय ४ वर ३२ बिटची सिस्टीम असेल तर आणखी एक गोष्ट तपासा. २०२३ पासून अशा सिस्टीमवरही कर्नल ६४ बिटचा सुरू होतो आणि हेडर्स जुळत नाहीत. नव्याने सुरुवात करत असाल तर सरळ ६४ बिटची सिस्टीम टाका.

कुणाचीही स्क्रिप्ट सुडो देऊन चालवण्याआधी ती उघडून वाचा. त्यात कर्नल बसवणारी, आवृत्ती अडवून ठेवणारी ओळ दिसली तर थांबा. मेमरी कार्डाची पूर्ण प्रत दुसऱ्या कार्डावर आधी काढून ठेवा.

आणि शाळेसाठी घेत असाल तर माझं मत स्पष्ट आहे: यूएसबी साउंड कार्ड घ्या. त्याचा ड्रायव्हर कर्नलमध्येच आहे, लावलं की ओळखलं जातं, खराब झालं तर नंदुरबारच्या बाजारात दुसरं मिळतं. वर बसणारा बोर्ड तेव्हाच घ्या, जेव्हा एकाहून जास्त माइक हवे असतील किंवा सगळं एका बंद डब्यात बसवायचं असेल.

आवाज सुरू झाला की बोर्डाचं नाव, चिपचं नाव, ओएसची आणि कर्नलची आवृत्ती, कॉन्फिगमध्ये घातलेली ओळ, मिक्सरमध्ये उघडलेल्या खिडक्या, हे सगळं मराठीत कागदावर लिहून डब्याच्या आतल्या बाजूला चिकटवा. बदली होऊन येणाऱ्या शिक्षकाला तो कागद सापडला पाहिजे. बोर्ड चालत नसेल आणि कुणाला विचारायचं असेल तर हीच माहिती, सोबत डीमेसेजमधल्या शेवटच्या ओळी, एकदम पाठवा. म्हणजे उत्तर देणाऱ्याला कर्नल बदलायला सांगण्याची वेळच येणार नाही.