विश्लेषण : सैनिकच युद्धाला नकार देतात तेव्हा... मुंबईतील १९४६च्या नौसैनिक उठावातील विस्मृतीत गेलेली मागणी काय होती?

गाझातील युद्ध थांबवावे लागले तरी चालेल, पण ओलिसांना परत आणा, असे जाहीर पत्र इस्रायली हवाई दलाच्या सुमारे एक हजार राखीव आणि निवृत्त सैनिकांनी एप्रिल २०२५मध्ये प्रसिद्ध केले. त्यांच्यापैकी जे राखीव सैनिक अजून सेवेत होते, त्यांना काढून टाकण्याचा निर्णय लष्कराने लगेच जाहीर केला. ८० वर्षांपूर्वी मुंबईतही असाच पेच उभा राहिला होता.

उठाव कशावरून झाला?

१८ फेब्रुवारी १९४६ रोजी कुलाब्यातील ‘तलवार’ या नौदलाच्या प्रशिक्षण केंद्रात खलाशांनी जेवण आणि काम नाकारले. निकृष्ट अन्न, गोऱ्या खलाशांच्या तुलनेत कमी पगार आणि कमांडर किंग यांची शिवीगाळ ही तात्कालिक कारणे होती. पाहता पाहता संप कराचीपर्यंत पसरला. ७८ जहाजे आणि सुमारे २० हजार खलाशी त्यात सामील झाले. एम. एस. खान संप समितीचे अध्यक्ष, तर मदन सिंग उपाध्यक्ष होते.

इंडोनेशियाचा संबंध काय?

मागण्यांच्या यादीत जेवण, पगार आणि आझाद हिंद सेनेच्या कैद्यांच्या सुटकेबरोबरच आणखी एक मागणी होती : इंडोनेशियातील भारतीय सैन्य परत बोलवा. जपानच्या शरणागतीनंतर ब्रिटिशांनी तिथे भारतीय तुकड्या उतरवल्या. नोव्हेंबर १९४५मध्ये सुराबाया शहरात या तुकड्या स्वातंत्र्य जाहीर केलेल्या इंडोनेशियन लोकांशीच लढल्या. ज्यांना स्वतःचा देश स्वतंत्र हवा होता, त्यांनाच दुसऱ्यांचे स्वातंत्र्य मोडायला पाठवले जात होते.

म्हणजे खलाशी सरसकट युद्धविरोधी होते असे नाही. त्यांचे नौदल नुकतेच दुसरे महायुद्ध लढले होते. आता प्रश्न होता, हे युद्ध कोणासाठी?

शेवट कसा झाला?

२२ फेब्रुवारीला मुंबईतील कामगार खलाशांच्या पाठिंब्यासाठी रस्त्यावर उतरले. गोळीबारांत दोनशेहून अधिक लोक मारले गेले. वल्लभभाई पटेल यांच्या आवाहनानंतर २३ फेब्रुवारीला खलाशांनी शरणागती पत्करली. कोणावरही सूडबुद्धीने कारवाई होऊ नये यासाठी काँग्रेस प्रयत्न करेल, असे त्यांना सांगण्यात आले होते. तरीही अटका झाल्या आणि शेकडो खलाशांना काढून टाकण्यात आले. स्वातंत्र्यानंतरही ना भारताने, ना पाकिस्तानने त्यांना नौदलात परत घेतले. स्वतंत्र देशालाही शिस्तबद्ध सैन्य लागेल, ही पटेलांची भूमिका होती.

आज कायदा काय सांगतो?

राज्यघटनेच्या अनुच्छेद ३३नुसार सैनिकांच्या मूलभूत हक्कांवर मर्यादा घालण्याचा अधिकार संसदेला आहे. १९५०चा लष्कर कायदा आणि १९५७चा नौदल कायदा बंडासाठी कठोर शिक्षा सांगतात. गंभीर प्रकरणांत ती मृत्युदंडापर्यंत जाते. यामागे कारण आहे. कोणते युद्ध लढायचे हे बंदूकधाऱ्यांनी ठरवू लागणे लोकशाहीला परवडणारे नसते.

पण मग तो प्रश्न विचारण्याची जबाबदारी संसदेवर आणि नागरिकांवर येते. ती त्यांनी टाळली, तर प्रश्न बराकीत पोहोचतो आणि त्याची किंमत गणवेशातला माणूस एकटा मोजतो. ‘तलवार’वरच्या खलाशांनी ती मोजली.