इंजेक्शनच्या तक्त्यात कानाचा रकाना

बेंगळुरूच्या कोरमंगल भागात, सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयाच्या विस्तीर्ण आवारावरून निघणारा सर्जापूर रोड आगरा, इब्बलूर, कैकोंड्रहळ्ळी असा जसजसा पुढे सरकतो, तसतशी त्याच्या दुतर्फा दवाखान्यांची दाटी दिसते. आणि पुण्या-नाशिकाहून नोकरीनिमित्त तेथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतील एखादे वृद्ध आजोबा मूत्रमार्गाच्या हट्टी संसर्गासाठी सकाळी एक याप्रमाणे ॲमिकासिनची इंजेक्शने तेथेच, कित्येकदा घरबसल्या, घेत असतात. त्यांच्या औषधतक्त्यात तारीख, वेळ, मात्रा आणि परिचारिकेची सही यांना रकाने असतात. कानाला बहुधा नसतो. या न छापलेल्या रकान्याविषयी आमच्या व्यवसायबंधूंशी दोन शब्द बोलावेत, हा या संपादकीयाचा हेतू आहे.

ॲमिकासिन ज्या अमिनोग्लायकोसाइड कुळातले आहे, त्या कुळातील औषधांनी श्रवण आणि तोल दोन्ही जाऊ शकतात, आणि हा विषय नवा नाही. 1943 साली स्ट्रेप्टोमायसिनचा शोध लागला आणि दोनच वर्षांत मेयो क्लिनिकमधील हिन्शॉ व फेल्डमन यांनी, ज्या क्षयरुग्णांना ते जीवदान देत होते त्यांचाच तोल ते हिरावून घेत असल्याची नोंद केली. 1952 मध्ये एका अमेरिकन डॉक्टराने केवळ आपली आद्याक्षरे देऊन स्वतःची हकीकत ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध केली. नाडीच्या प्रत्येक ठोक्यासरशी पानावरील अक्षरे उडत, म्हणून वाचताना त्याला आपले डोके पलंगाच्या उशाकडील दोन लोखंडी गजांत घट्ट अडकवून ठेवावे लागे. तोलाची इंद्रिये मृत झाली म्हणजे काय होते, हे त्या दोन गजांइतके स्पष्टपणे सांगणारे वर्णन आमच्या वाचनात दुसरे आलेले नाही.

आपल्या देशात या औषधांचा सर्वांत मोठा ग्राहक क्षयनियंत्रणाचा सरकारी कार्यक्रम होता. दुसऱ्यांदा उपचार घेणाऱ्या रुग्णाला स्ट्रेप्टोमायसिनची चोवीस इंजेक्शने, आणि औषधांना न जुमानणारा क्षय असलेल्याला सहा ते नऊ महिने कॅनामायसिन, असा त्याचा शिरस्ता असे. मुंबईच्या पत्रकार व नर्तिका नंदिता वेंकटेशन यांची श्रवणशक्ती आतड्याच्या क्षयावरील याच औषधाने 2013 साली गेली. पुढे दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले यांच्यासह त्यांनी क्षयावरील बेडाक्विलिन या सुईविना घ्यायच्या औषधाच्या पेटंटची मुदत वाढवून घेण्याच्या प्रयत्नाला हरकत घेतली आणि मार्च 2023 मध्ये भारतीय पेटंट कार्यालयाने तो अर्ज नामंजूर केला. जागतिक आरोग्य संघटनेने 2018 सालीच कॅनामायसिन व कॅप्रिओमायसिन यांना रजा दिली होती. हे सर्व स्वागतार्ह खरे. परंतु त्यातून एक अनाठायी निश्चिंतता उपजली आहे. क्षयाच्या दप्तरातून सुई बहुतांशी गेली, तरी अतिदक्षता विभागातून, नवजात बालकांच्या कक्षातून आणि गल्लीतल्या नर्सिंग होममधून जेंटामायसिन व ॲमिकासिन गेलेली नाहीत. शिवाय क्षयाच्या कार्यक्रमात निदान नियमावली तरी होती, येथे तीही नाही.

कॉक्लियातील केशपेशी तिच्या तळाच्या वेढ्यापासून मरू लागतात आणि तेथे अतिउच्च स्वर नोंदले जातात. म्हणून 8 किलोहर्ट्झच्या वरचे श्रवण खालावत असता रुग्ण ‘मला छान ऐकू येते’ असे प्रामाणिकपणे सांगतो, आणि नेहमीचा ऑडिओग्रामही त्याच्या सुरात सूर मिसळतो. अमेरिकन श्रवणतज्ज्ञांच्या संघटनेने 1994 मध्ये घालून दिलेली कसोटी आजही उपयुक्त आहे: पहिल्या मात्रेपासून 72 तासांच्या आत मूळ नोंद, नंतर आठवड्यातून एकदा-दोनदा तपासणी, आणि एका स्वरावर 20 डेसिबल किंवा लगतच्या दोन स्वरांवर 10 डेसिबल घट आढळताच औषध लिहिणाऱ्या डॉक्टरास वर्दी. जो रुग्ण यंत्राचे बटण दाबू शकत नाही, त्याच्यासाठी ओटोअकूस्टिक एमिशन आहेच.

तोलाचे काय, हा प्रश्न मात्र आम्हांला अधिक अस्वस्थ करतो. जेंटामायसिन व स्ट्रेप्टोमायसिन यांचा मारा मुख्यतः तोलाच्या इंद्रियांवर असतो, आणि दोन्ही कान सारखेच मारले गेल्यामुळे गरगरणारी चक्कर येतेच असे नाही. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला काही जाणवत नाही, आणि तो चालू लागला की त्याचे अडखळणे आपण अशक्तपणाच्या खाती जमा करतो. रक्तातील औषधाची पातळी नियमात असली म्हणून निर्धास्त राहावे, अशीही सोय नाही. मग तो घरी जातो, आणि संध्याकाळी सर्जापूर रोडवरच्या उखडलेल्या पदपथावर दिवे गेले की जवळच्या माणसाचा दंड धरतो, चालताना त्याला दुकानांच्या पाट्या हलताना दिसतात. वास्तविक खाटेशेजारची परीक्षा पाच मिनिटांची आहे: 1988 मध्ये हाल्माजी व कर्थॉइझ यांनी वर्णिलेला डोक्याचा झटका, डोके हलवीत ठेवून दृष्टितक्ता वाचणे, ज्यात तीन किंवा अधिक ओळी गळाल्या तर सावध व्हावे, आणि जो उभा राहू शकतो त्यास डोळे मिटून फोमच्या गादीवर उभे करणे. यासाठी यंत्र लागत नाही, इच्छा लागते.

पहिल्या मात्रेपूर्वी विचारायचा आणखी एक प्रश्न फुकट आहे. मायटोकाँड्रियामधील 1555 क्रमांकाचा जनुकीय बदल असलेल्या माणसाला थोडी इंजेक्शनेही बहिरे करू शकतात. हा बदल फक्त आईकडून येतो, तेव्हा मामा, मावशी आणि आईची आई यांपैकी कोणास इंजेक्शनानंतर कमी ऐकू येऊ लागले काय, हे विचारावे. काका-आत्यांची चौकशी येथे व्यर्थ. मूत्रपिंडाची अवस्था व फुरोसेमाइडची सोबत यांची नोंद तर हवीच.

हे सारे कोणी करावे, यावर वाद होतील. श्रवणतज्ज्ञांना बोलावणे येत नाही, वैद्यकतज्ज्ञ म्हणतात कान हा आमचा प्रांत नव्हे, आणि घरी इंजेक्शन देणारी संस्था केवळ हुकमाची ताबेदार. आमचे मत असे की ज्याच्या सहीने पहिली मात्रा दिली जाते, त्याच्याच सहीने कानाची व तोलाची तपासणीही मागवली जावी. घरचा तक्ता दर आठवड्याला त्या डॉक्टराच्या दवाखान्यात रुजू व्हावा, आणि इजा कित्येकदा औषध थांबल्यानंतर उघडकीस येत असल्यामुळे तीन व सहा महिन्यांच्या फेरतपासणीची तारीख डिस्चार्ज कार्डावर, रुग्णाच्या भाषेत, लिहिलेली असावी. असा रकाना ज्यांच्या रुग्णालयात आधीच छापला गेला आहे, त्यांनी त्या तक्त्याचा नमुना आमच्या पत्त्यावर धाडावा. आम्ही तो छापू.