पहिला हंगाम, चौथी संधी

तुमच्या घरात कुणी नुकतंच पहिल्या नोकरीला लागलंय? किंवा लेक पहिल्यांदाच मोठ्या संघातून खेळायला निघालीय? मग आज खेळाडूंच्या पहिल्या व्यावसायिक हंगामाबद्दल बोलूया. टीव्हीवर आपल्याला फक्त षटकार दिसतात, त्यामागची शिकवणी दिसत नाही.

पुण्याच्या ऋतुराज गायकवाडचंच बघा ना. चेन्नई सुपर किंग्जने त्याला २० लाख रुपयांना घेतलं, पण २०१९च्या आयपीएलमध्ये तो एकही सामना खेळला नाही. २०२०ची स्पर्धा यूएईत झाली. तिथे त्याला कोरोना झाला आणि बाकीचे सराव करत असताना तो खोलीत अडकला. अखेर संधी मिळाली. पहिल्या तीन डावांत धावा किती? ०, ५ आणि पुन्हा ०!

चेन्नईची प्लेऑफची आशाही तोवर जवळजवळ संपली होती. तरी संघाने त्याला चौथी संधी दिली. पुढचे तीन डाव होते नाबाद ६५, ७२ आणि नाबाद ६२. तिन्ही सामन्यांत सामनावीर तोच. पुढच्याच वर्षी ६३५ धावा करून त्याने ऑरेंज कॅप मिळवली आणि चेन्नईने विजेतेपद.

यातून खेळाडू काय शिकतो?

थांबणं हेही काम आहे. गावात, क्लबात आपण हिरो असतो. इथे मात्र प्रत्येक जण आपापल्या गावचा हिरोच असतो. त्यामुळे बाकावर बसूनही रोजचा सराव चुकवायचा नाही.

समोरचा अभ्यास करून येतो. प्रो कबड्डीत चढाईला फक्त ३० सेकंद मिळतात. तुमची हुकमी चाल दोन-चार सामन्यांत सगळ्यांना कळते. मग नवी शिकावीच लागते.

शरीर हीच पुंजी. सतत प्रवास, रात्री उशिरापर्यंत सामने. झोप आणि जेवण सांभाळलं नाही, तर हंगामाच्या मध्यावर पाय जड होतात.

पैसा आणि फोन, दोन्ही जपून. करार नीट वाचायचा, कर भरायचा, पहिल्याच रकमेत गाडी घ्यायची नाही. आणि हरल्या रात्री कमेंट्स तर अजिबात वाचायच्या नाहीत.

पण एक गोष्ट खेळाडूच्या हातात नसते, ती म्हणजे चौथी संधी. ती कुणीतरी द्यावी लागते. तीन अपयशांनंतर बाजूला पडलेली कितीतरी गुणी मुलं आपल्याला माहीतही नसतात.

घरात मात्र ती संधी देणारे आपणच असतो. म्हणून पहिल्या वर्षी मुलांचा फोन आला, की "किती धावा केल्या?" किंवा "पगार कधी वाढणार?" हे नंतर विचारा. आधी विचारा, "जेवलास का? झोप होते ना नीट?"

उरलेलं ती स्वतःहून सांगतील.